यायला हवं ते उत्तर

रत्नागिरी
१८ ऑगस्ट २०२५

शमिका,

आधी ‘चि. शमिका’ लिहिलं, मग ‘भुवड मॅडम’. दोन्ही कागद फाडले. माझ्या वर्गात तू तीन वर्षं विद्यार्थिनी म्हणून बसलीस, पुढे आपल्याच रसायनशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला आलीस, आणि दोन वर्षांपूर्वी गेलीस. यातल्या कुठल्या शमिकेला लिहायचं ते ठरेना, म्हणून नुसतं नाव.

तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. अलोऱ्याच्या तुझ्या शाळेचा पत्ता ऑफिसमधून घेतला.

काम थोडंसंच आहे. नव्या धोरणाप्रमाणे सगळे अभ्यासक्रम पुन्हा लिहायचे आहेत. प्रत्येकाच्या सुरुवातीला ‘हे शिकून विद्यार्थी काय करू शकेल’ याची पाच वाक्यं हवीत. पाणी तपासणीचा ‘आपलं पाणी’ हा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम तू आखला होतास, त्याची मूळ फाईल विभागात सापडत नाही. तुझ्याकडे प्रत असल्यास पाठवावी.

येत्या मे महिन्यात मी निवृत्त होतोय. तेवढं एक काम नीट लावून जावं असं मनात आहे.

तळेकोंडला काविळीची साथ आली होती, पेपरात वाचलं असशील. आता आटोक्यात आहे. तिथलं पाणी तपासायला आपलीच विद्यार्थिनी होती, ज्ञानेश्वरी शितप. तू गेल्यानंतरच्या बॅचची, तुझी ओळख नसेल. वर्गात पहिली आलेली मुलगी. कुठे काय चुकलं कळत नाही.

तब्येतीला जप.

ह. वि. मयेकर


रत्नागिरी
९ सप्टेंबर २०२५

शमिका,

तुझं कार्ड मिळालं. ‘सर, निळी फाईल तुमच्या खोलीतल्या कपाटात आहे. जाताना मी काहीच नेलं नव्हतं.’ एवढंच. खाली नावही नाही. पण ‘सर’ लिहिलंस.

फाईल कपाटात नव्हती, माझ्या टेबलावर होती. तुला मागचं पत्र लिहीत होतो तेव्हाही समोरच होती. मला तुला लिहायचं होतं आणि निमित्त सापडत नव्हतं, म्हणून खोटं लिहिलं.

फाईलचं पहिलं पान मात्र नाही. त्यावर तुझं नाव होतं. ते मी काढलं.

बावीस सालच्या जूनमधली बैठक तुला आठवत असेल. नवा अभ्यासक्रम करायचा म्हणून मी नेहमीप्रमाणे धड्यांची यादी घेऊन आलो होतो. तू म्हणालीस, ‘सर, धड्यांपासून नको सुरुवात करूया. दोन वर्षांनी या मुलांच्या हातात काय उरलं पाहिजे ते आधी ठरवू. मग ते उरलंय की नाही हे कसं तपासायचं ते बघू. धडे शेवटी.’

मी म्हटलं, ‘दोन वर्षांनी परीक्षा कोण घेणार, मॅडम?’

सगळे हसले. तू गंभीरपणे म्हणालीस, ‘आपणच घेऊ की, सर. मुलं जातायत कुठे? इथेच तर असतात.’

मी होकार दिला. मनात नव्हतं, पण बाकीच्यांपैकी कोणालाच ते काम नको होतं. तू सव्वीस मुलांना सव्वीस विहिरी दिल्यास. ज्याच्या त्याच्या घराजवळची. दर पंधरवड्याला पाणी काढायचं, तपासायचं, लिहायचं. उत्तर कोणालाच माहीत नाही, तुलाही नाही. खोडलेल्या आकड्याखाली ‘हे का चुकलं’ असं लिहिणाऱ्याला तू गुण द्यायचीस. वह्यांवर चिखलाचे डाग. आणि शेवटची परीक्षा प्रयोगशाळेत न घेता विहिरीवर, पाणी भरायला आलेल्या बायकांसमोर. गंगुबाई म्हणून एका आजींनी एका मुलाला विचारलं होतं, ‘ता सगला ऱ्हवंदे. पिव का नको?’ त्याला सांगता आलं नाही, म्हणून तू त्याला नापास केलंस. तेव्हा मला तो वेडेपणा वाटला होता.

सव्वीसांपैकी अकरा मुलं पहिल्या खेपेला पास झाली. बाकीच्यांना तू पुन्हा तयार करून घेतलंस आणि दोन सोडून सगळी पुढे निघाली. पण अहवालात मी पहिल्या खेपेचाच आकडा लिहिला. ‘निकाल बेचाळीस टक्के. प्रयोगवह्या अस्वच्छ. अपेक्षित उत्तरांची पत्रकं संबंधित शिक्षिकेने तयार केलेली नाहीत.’ नमुन्यादाखल संदेश रेडीजच्या वहीतलं एक पान झेरॉक्स करून जोडलं. त्या पानावर सात खाडाखोडी होत्या.

हा अहवाल मी लिहिला, शमिका, आणि त्यावरून तुझ्या तासिका बंद झाल्या. तू माझ्या खोलीत येऊन विचारलंस, ‘सर, माझं काय चुकलं?’ आणि मी म्हणालो, ‘वरून आलंय, माझ्या हातात काही नव्हतं.’ वरून काहीही आलं नव्हतं. मूल्यांकन समिती येणार होती आणि मला शंभर टक्के निकाल दाखवायचा होता.

पुढचं पुढच्या पत्रात लिहितो. एका दमात सगळं लिहायचं धैर्य नाही.

ह. वि. मयेकर


रत्नागिरी
२१ सप्टेंबर २०२५

शमिका,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी लिहितो.

तू गेल्यावर तोच अभ्यासक्रम मी माझ्या नावावर चालवला. मुलांच्या हातात काय उरलं पाहिजे, ही तुझी वाक्यं ठेवली, कारण ती वाचायला छान होती. विहिरी काढून टाकल्या. छापील प्रयोगवह्या आणल्या, प्रत्येक प्रयोगाचं अपेक्षित उत्तर ठरवलं. शंभर टक्के निकाल. दापोलीला एका परिषदेत त्यावर निबंध वाचला, शाल-श्रीफळ मिळालं. शाल सौ.ला दिली. ती विचारत होती कशाबद्दल, तर म्हटलं, ‘असंच.’

ज्ञानेश्वरी त्या बॅचची. तिची वही अजून विभागात नमुना म्हणून ठेवलेली आहे. एक खाडाखोड नाही. त्याच प्रमाणपत्रावर तिला तळेकोंड ग्रामपंचायतीत पाणी राखायचं काम मिळालं. गाव तिचंच. रोज विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची, नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन दोन थेंब औषध टाकायचं, पाणी किती पिवळं होतं त्यावरून क्लोरीन किती उरलंय तो आकडा लिहायचा; ०.२ आलं तर पाणी ठीक. महिन्यातून एकदा आत औषध असलेल्या चाचणीच्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं. दोन दिवसांत काळं पडलं तर पाणी पिण्याजोगं नाही.

पावडर ती रोज टाकायची, याला सगळं गाव साक्षी आहे. एक दिवस चुकवला नाही. पण पिशवी पंचायतीच्या दमट खोलीत उघडी पडलेली होती आणि पावडरीतला जोर केव्हाच गेला होता. दोन थेंब टाकले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तिने थेंब टाकले नाहीत. नोंदवहीत रोज ०.२ लिहिलं. एप्रिलपासून जुलैपर्यंत, सुरेख अक्षरात, रोज ०.२.

एक्केचाळीस माणसं काविळीने पडली. सानिका म्हणून तिथली सून, सातवा महिना चालू होता. सिव्हिलला नेली. ती वाचली, मूल गेलं.

चौकशी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये झाली. तज्ज्ञ म्हणून मला बोलावलं होतं. मी गेलो, पहिल्या रांगेत बसलो. आरोग्य खात्याच्या साहेबांनी नोंदवही तिच्यापुढे धरली.

‘रोज ०.२ कसं येतं गो?’

‘०.२ यायला हवं ना, साहेब.’

‘यायला हवं ते कळलं. आलं का?’

ती म्हणाली, ‘आमचे सर म्हणायचे...’ आणि तिने माझ्याकडे पाहिलं. पुढचं बोलली नाही.

साहेब माझ्याकडे वळले. ‘सर, तुमच्या कोर्समध्ये हे शिकवत नाहीत का?’

मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘सगळं शिकवलं जातं. प्रमाणपत्र तपासा. पुढे अंमलबजावणी ज्याने त्याने करायची.’

ती काय म्हणणार होती ते मला माहीत होतं. ‘वाचन जुळलं पाहिजे.’ दर प्रात्यक्षिकाला मी हेच म्हणायचो. गेली एकतीस वर्षं. तुझ्या बॅचलाही म्हणालो असेन.

तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. बाहेर पडताना तिने मला वाकून नमस्कार केला. मी गाडीत बसलो आणि काच वर केली.

ह. वि. मयेकर


रत्नागिरी
१२ ऑक्टोबर २०२५

शमिका,

दाभोळला जाऊन आलो. संदेश रेडीजला भेटायला. तोच, ज्याच्या वहीचं पान मी तुझ्याविरुद्ध जोडलं होतं. तो तिथे बोटीवर असतो. मूळचा तळेकोंडचा हे मला चौकशीच्या कागदांत कळलं, कारण तळेकोंडचं पाणी वाईट आहे हे पहिल्यांदा त्याने सांगितलं.

जेटीवर जाळी पसरून बसला होता. मला बघून चटकन उठला, हात लुंगीला पुसले. मी विचारलं, ‘तुला कसं कळलं?’

‘जून-जुलै बोटी बंद, म्हनून मी घरीच व्हतो, सर. वाडीत दोन-तीन जनांचे डोले पिवले दिसले. मना वाटला, पानी बगूया. बाटली व्हती माज्याकडं, मॅडमनी दिलेली त्यातली न्हाय, ती केवाच संपली. मी रत्नांग्रीसून आनतो. वर्साला चार.’

‘अजून तपासतोस?’

त्याला माझा प्रश्नच कळला नाही. ‘माजी इहीर हाय ना ती,’ म्हणाला.

मग आत जाऊन वही घेऊन आला. तुझी तीच वही, शमिका. परीक्षा संपल्यावर उरलेल्या पानांवर त्याने पुढे लिहीत नेलंय. तारखा, आकडे, खाडाखोड. खोडलेल्या आकड्याखाली कारणं. ‘नळी नीट धुतली नव्हती.’ ‘भरतीचा दिवस, म्हणून खारं?’ १३ जुलैच्या पानावर लिहिलंय, ‘परवा बाटली काळी. पुन्हा भरली. आज पुन्हा काळी. सरपंचाला सांगितलं. तो म्हणतो नोंदवहीत सगळं बरोबर आहे.’

त्यापुढे चार दिवस गेले. सरपंच नोंदवही दाखवत होते आणि हा बाटली दाखवत होता. नोंदवहीवर आपल्या प्रमाणपत्रवाल्या मुलीची सही होती. याच्याकडे प्रमाणपत्र नाही. दुसऱ्या खेपेला तू त्याला पास केलंस, पण मी त्या यादीवर सही केली नव्हती. पहिल्याच खेपेचे निकाल धरायचे, असा नियम मी नंतर काढला. याने प्रमाणपत्र दाखवलं असतं तर ते चार दिवस वाचले असते का? सानिकाला सिव्हिलला नेली ती १८ तारखेला. हा हिशोब मी डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, ‘काविळीचं तसं नसतं सर, लागण आधीच झालेली असते.’ पण ते माझ्या तोंडाकडे बघून बोलत होते, त्यामुळे मला खात्री नाही.

संदेशने चहा पाजला. निघताना विचारलं, ‘मॅडम कशा हायत? त्या मधनंच का गेल्या, सर? आमी इचारलाव तर कोन सांगेना.’

मी म्हणालो, ‘माझ्यामुळे गेल्या.’

हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं. त्याने जाळं पुढ्यात ओढलं. नंतर नुसतं ‘व्हय का,’ म्हणाला. आधी एसटीपर्यंत सोडतो म्हणाला होता, पण आला नाही.

काल मी दोन कागद दिले. एक प्राचार्यांना: अभ्यासक्रम कोणाचा, अहवालात काय खोटं होतं, यादीवर सही का केली नाही. दुसरा तळेकोंड ग्रामपंचायतीला: ज्ञानेश्वरी शितप हिला न तपासता आकडा लिहायची सवय माझ्या वर्गात लागली, चौकशीत मी हे दडवलं, आणि संदेश रेडीज प्रमाणपत्राला पात्र होता. प्राचार्य म्हणाले, ‘मयेकर, सात महिने राहिलेत तुमचे. कशाला?’ मी म्हटलं, ‘ठेवून घ्या.’ त्यांनी पोच दिली नाही, म्हणून पोस्टाने पुन्हा पाठवला.

तुला हे कळवतोय ते तू बरं म्हणावंस म्हणून नव्हे. खरं तर थोडं त्यासाठीही आहे. ते मी खोडणार नाही.

ह. वि. मयेकर


रत्नागिरी
३० नोव्हेंबर २०२५

शमिका,

कॉलेजने तुला परत शिकवायला बोलावणारं पत्र पाठवलं होतं आणि तू नकार कळवलास, हे ऑफिसमध्ये समजलं. बरोबर केलंस. अभ्यासक्रमावर आता तुझं नाव आहे. माझ्यावर चौकशी बसली आहे, विभागप्रमुखपद गेलं. स्टाफरूममध्ये मी आलो की बोलणं थांबतं. सौ.ला सगळं सांगितलं. तिने ती शाल कपाटातून काढून माझ्या खुर्चीवर ठेवली.

एक गोष्ट अजून राहिली होती. ती मी त्या दोन कागदांतही लिहिली नव्हती.

ज्ञानेश्वरीच्या बॅचला पहिल्या महिन्यात पाण्याचा जडपणा मोजायचा प्रयोग होता. कॉलेजच्या नळाच्या पाण्याचं उत्तर ४८, मी बारा वर्षं तेच धरतो. ती पोर ८६ घेऊन आली. मी म्हणालो, ‘बस खाली, पुन्हा कर. हात नीट नाही तुझा.’ तिने पुन्हा केला, पुन्हा ८६. सगळ्या वर्गासमोर मी म्हटलं, ‘उत्तर ४८ आहे. वाचन जुळलं पाहिजे.’ दहा मिनिटांनी ती ४८ लिहून घेऊन आली. मी दहापैकी दहा दिले.

त्याच दुपारी आपला प्रयोगशाळेचा शिपाई काशीराम बाटल्या धूत होता. सहज म्हणाला, ‘आज नळाला पाणी नव्हतं, सर. मी मागल्या विहिरीतलं भरलं हुतं.’ मी ते पाणी स्वतः मोजलं. ८६ आलं.

वर्गातल्या बाकी सगळ्यांनी ४८ लिहिलं होतं. एकटीने खरं मोजलं होतं. आणि हे कळूनही दुसऱ्या दिवशी मी वर्गात काही बोललो नाही. चाळीस वह्या पुन्हा तपासाव्या लागल्या असत्या. त्याहून खरं म्हणजे, माझं चुकलं असं म्हणावं लागलं असतं.

हे तिला सांगायला आज तळेकोंडला गेलो. जायच्या आधी संदेशला फोन केला, तर तो म्हणाला, ‘मॅडम येऊन गेल्या की. मागल्या आयतवारी. ज्ञानेश्वरीला घेऊन इहिरीवर चार तास बसल्यानी.’ तू मला कळवलं नाहीस. कळवायचं कारणही नव्हतं.

ज्ञानेश्वरी नळाजवळच भेटली. काम तिला परत मिळालेलं नाही, दुसरा माणूस नेमलाय. ती आपली स्वतःहून तपासते. हातात नळी होती. मी तिला उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. ८६ चं. काशीरामचं. माझं गप्प बसणं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, ‘सर, मला वाटायचं माझा हातच वाईट. मी केलं की चुकणारच. म्हणून मी कधी थेंब टाकलेच नाहीत. ०.२ लिहिलं की निदान बरोबर तरी असेल.’

तिला रडू आलं नाही. तिने नळी धुतली, पाणी घेतलं, दोन थेंब टाकले आणि उजेडात धरली. आम्ही दोघं बघत होतो. पाणी पांढरंच राहिलं. तिने ओतून टाकलं, नळी धुऊन पुन्हा केलं. पुन्हा पांढरं.

‘आज शून्य,’ म्हणाली. वहीत लिहिलं. ‘घरोघरी सांगायला हवं.’

मी तिची पिशवी घेतली आणि मागोमाग निघालो. पहिल्या दोन घरांतून बायकांनी तिला दारातूनच वाटेला लावली. ‘तू आता नको सांगू,’ एकजण म्हणाली. तिसऱ्या घराच्या पायरीशी ती थबकली, मग वर गेली. आतून एक तरुण बाई आली. खूप बारीक झालेली.

‘सानिका वहिनी, आज पाणी उकळून प्या. पाण्यात पावडर उतरलेली नाही. मी दोनदा बघितलं.’

सानिका तिच्याकडे बघत राहिली. मी अंगणात पिशवी धरून उभा होतो. मग ती आत गेली, भरलेला हंडा उचलून आणला आणि माडाच्या बुंध्यात ओतला.

रिकामा हंडा कडेवर घेऊन तिने माझ्याकडे पाहिलं. ‘हे कोण?’

ज्ञानेश्वरी म्हणाली, ‘माझे सर.’

हरिश्चंद्र मयेकर